ठवणीवरचा टॅबलेट

माझं मत पहिल्यापासून ठाम होतं. खिशात फोन आहे, टेबलावर लॅपटॉप आहे; मग मधल्या मापाचं तिसरं यंत्र माणसाला कशाला हवं? ना धड खिशात मावत, ना धड त्यावर लेख लिहून होत. आमच्या मुक्ताने, म्हणजे माझ्या मुलीने, मला साठीनिमित्त टॅबलेट भेट दिला तेव्हा मी तिला हे सगळं उदाहरणांसह समजावून सांगितलं. पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस समजावू लागला की समोरचा एक तर पटलं म्हणतो, नाही तर उठून जातो. मुक्ता उठून गेली. टॅबलेट कपाटात गेला.

नवरात्रासाठी मी ग्वाल्हेरला निघालो तेव्हा तिने तो गुपचूप माझ्या पंचे-धोतरांच्या घडीत सरकवला. मला हे कळलं ते ग्वाल्हेरला बॅग उघडल्यावर. मी तो पुन्हा घडीत गुंडाळून ठेवला आणि कोणाला काही बोललो नाही. दहा दिवसांत एकदाही बाहेर काढायचा नाही आणि परत गेल्यावर तिला तसं सांगायचं, असा माझा बेत होता.

पहिली माळ

ग्वाल्हेरला माधवगंजात माझे चुलतभाऊ राहतात. मी त्यांना नाना म्हणतो, वय शहात्तर. आमचे पूर्वज दक्षिणेतून दरबारच्या पूजाअर्चेसाठी इथे आले. माझे वडील नोकरीपायी पुण्याला गेले, थोरले काका इथेच राहिले. काकांमागे देवी, नवरात्र आणि पोथी नानांकडे आली. ही पोथी आमच्या पणजोबांनी स्वतः रचलेली, स्वतःच्या हाताने लिहिलेली. नऊ अध्याय, रोज एक. जगात तिची प्रत एकच. ती छापावी असं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण ती छापण्याची नसून वाचण्याची वस्तू आहे असं आमच्याकडे मानतात.

स्टेशनवर नानांचा मुलगा अमोल आला होता. तो इंदरगंजात वकिली करतो. "काका, थकले असाल ना? चला, पहिले चाय पिऊ, नंतर घरी. आई फलाहार बनवून ठेवलेली आहे," असं म्हणत त्याने माझी बॅग उचलली. इथलं मराठी कानावर पडलं की मला बरं वाटतं. हिंदीच्या शेजारी इतकी वर्षं राहून ते जरा तिच्यासारखं बोलायला लागलं आहे, पण घर सोडलेलं नाही.

घरी पोचलो तर नाना माझ्याकडे न बघता माझ्या उजव्या खांद्यापलीकडच्या खुंटीकडे बघत म्हणाले, "आलास? हातपाय धू." मला लागलीच वाटलं, गेल्या वर्षी आलो नाही म्हणून स्वारी रागावली आहे. मी दोन-तीनदा समोर जाऊन उभा राहिलो, तर ते दरवेळी थोडे बाजूला बघायचे. स्वयंपाकघरात वहिनींना विचारलं तेव्हा खरं कळलं.

"राग कशाचा? डोळ्याच्या पडद्याचं आहे त्यांना. समोरचं मधलंच दिसत नाही, कडेचं दिसतं. तुम्ही दिसावे म्हणून खुंटीकडे बघतात," वहिनी उपासाच्या पुऱ्यांसाठी कुट्टूचं पीठ मळत म्हणाल्या. "डॉक्टर बोलले, अक्षर मोठं असलं आणि भरपूर उजेड असला तर वाचता येईल. भिंग आणलं होतं. एका हाताने पान धरायचं, एका हाताने भिंग, आणि घंटा मी वाजवू का?"

दुपारी घट बसले. आमच्या पुण्याच्या घरी मातीत गहू पेरतात, इथे जव. वहिनींनी जव पेरले, संध्याकाळी नाना सोवळं नेसून पाटावर बसले. समोर ठवणी, म्हणजे पोथी ठेवायची ती लाकडी घडीची तिकाटी, तीवर पहिल्या अध्यायाची पानं. नानांचा आवाज अजून खणखणीत आहे. पानावर नजर नव्हतीच. ते पाठ म्हणत होते. पंधराएक ओव्या सुरेख झाल्या. मग एके ठिकाणी अडखळले, पुन्हा मागे गेले, आणि त्याच ओव्या पुन्हा आल्या. पणजोबांनी स्तुतीच्या ओव्यांची सुरुवात एकसारखी केलेली, त्यामुळे गाडी दरवेळी त्याच रुळावर वळे. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा स्वयंपाकघरातून वहिनींचं खाकरणं ऐकू आलं. नानांनी पोथी मिटली.

आरती झाल्यावर त्यांनी मला माडीवर बोलावलं.

"तीन वर्षं झाली सुध्या, मी वाचत नाही, वाचल्यासारखं करतो. देवीसमोर बसून खोटं करतो. आता पाठही सुटायला लागलं. यंदा पुढचे अध्याय तू वाच, आणि जाताना पोथी पुण्याला घेऊन जा."

"अमोल आहे की."

"अमोलची तयारी आहे. पण तो वाचतो कसा, माहीत आहे तुला? कोर्टात अर्ज वाचतात ना, तसा. आणि संध्याकाळी त्याच्याकडे अशील येतात. नको. तुझ्यापर्यंत क्रम येतोच."

खरं सांगतो, मला रडू आलं. पोथी घरी न्यायला कोणाला आवडणार नाही? पण ती या घरातून उचलून नेणारा माणूस मी व्हावं, हे मला नको होतं. मी नुसतं "बघू" म्हणालो.

तिसरी माळ

दुसरा अध्याय मी वाचला. वाचला म्हणजे काय, जोडून लिहिलेल्या अक्षरांतून शब्द सोडवत ठेचकाळत गेलो. नाना शेजारी बसून प्रत्येक ठेचेला डोळे मिटत होते. अध्याय संपल्यावर म्हणाले, "छान." छान म्हणण्याची ती पद्धत मी शाळेत ढ मुलांसाठी वापरत असे.

तेव्हा मी ठरवलं की नानांनाच वाचायला लावायचं. अक्षर मोठं हवं, उजेड हवा. मग फोन कशासाठी आहे? दुपारी गच्चीत पाटावर रेशमी वस्त्र अंथरलं आणि पोथीच्या एकेका पानाचे फोटो काढायला घेतले. पान वीतभर लांब आणि सहा बोटं रुंद, वारा आला की उडू बघणारं. वहिनी पानांच्या कडा चांदीच्या पळीने आणि संध्येच्या ताम्हणाने दाबून धरत होत्या. मान वर केली की समोर किल्ला, लांबच लांब, सगळ्या लष्कर भागाच्या डोक्यावर आडवा पसरलेला. ऑक्टोबरचं ऊन होतं, खाली गल्लीत कोणाच्या तरी घरी भजनाचा लाउडस्पीकर होता, आणि दर पानाआड वहिनी विचारत होत्या, "ही अंगठ्याची जागा आली का बरोबर? तेलाने काळी झालेली आहे." सगळी पानं आली.

संध्याकाळी प्रयोग. फोन नानांच्या हातात दिला. पान अख्खं दिसेल असं धरलं तर अक्षर मुंगीएवढं. मोठं केलं तर एका ओळीचे चार शब्द दिसत, मग बोटाने डावीकडे सरकवायचं, मग पुढचे चार, आणि ओळ संपली की परत उजवीकडे येऊन खालची ओळ शोधायची. दुसऱ्या ओवीवरून नाना थेट पाचव्या ओवीत पोचले.

"हे वाचन नाही, सुध्या. हे शिवण आहे," ते म्हणाले आणि फोन परत दिला.

मी हार मानली नाही. बरोबर आणलेला माझा लॅपटॉप काढला. त्याचा पडदा मोठा, अक्षर बोराएवढं. पण त्याचा पडदा उभा राहतो आणि नाना बसतात पाटावर. पडदा वर उभा केला तर देवी झाकली जाते, खाली पाडला तर अक्षर झाकोळतं. वहिनींनी चौरंग आणला, मी डबा लावला, अमोलने वकिलीची दोन जाड पुस्तकं लावली. अखेर जमलं. नानांनी तिसरा अध्याय सुरू केला, पहिल्या ओवीला सवयीने अक्षता वाहिल्या, आणि त्या बटणांच्या फटींत गेल्या. चौथ्या ओवीला पडदा काळा झाला.

"बाबा, पासवर्ड माँग रहा है," अमोल हळूच म्हणाला.

नानांनी हात जोडले. ते देवीला जोडले की लॅपटॉपला, ते मी विचारलं नाही. तो अध्याय मीच पुरा केला, ठेचकाळत. अक्षतांचे सात दाणे मी दुसऱ्या दिवशी टाचणीने बाहेर काढले. आठवा आत आहे असा माझा संशय आहे, कारण तेव्हापासून लॅपटॉपवर 'क' दाबला की कुर्रर्र आवाज येतो.

चौथी माळ

सकाळी अमोलने मला नया बाजारात बेडई खायला नेलं. उडदाची डाळ भरलेली फुगलेली पुरी, वर हिंगाचा वास मारणारी बटाट्याची पातळ भाजी, आणि शेवटी जिलबी. पुण्यात सकाळी सात वाजता मी एवढं तेलकट खाल्लं असतं तर घरात बैठक बसली असती. इथे हा नाश्ता. घरात वहिनींचा नऊ दिवसांचा उपास, आणि आम्ही दोघं दुकानासमोर उभ्याने बेडई हाणत होतो. अमोलने माझा तोंड भरलेला फोटो काढला, माझ्याच फोनवर.

"काका," तो म्हणाला, "सच बताऊँ? पोथी गेली तर बाबांचं मन एकदम बसून जाईल. मी घराबाहेर पडताना बघतो ना त्यांना, सालभर ते नवरात्रीची वाट बघतात. मी वाचीन, पण त्यांना सुकून नाही मिळणार."

परत येताना ई-रिक्षात बसलो. धोतराच्या घडीतला टॅबलेट मला आदल्या संध्याकाळपासून आठवत होता. आता लपवाछपवी कशाला, नाना फोनवर ओळी सरकवू लागले तेव्हा पहिल्या मिनिटालाच तो मला आठवला होता. आडवा धरला तर बरोबर पोथीच्या पानाएवढा. पण तो काढायचा म्हणजे मुक्ता जिंकली! साठ वर्षांच्या माणसाचा हट्ट हा सहा वर्षांच्या माणसापेक्षा वेगळा नसतो, फक्त त्याला आपण मत म्हणतो. घरी आलो, बॅग उघडली आणि टॅबलेट काढला. मुक्ताला फोन लावून फोनमधले फोटो त्यात कसे घ्यायचे ते विचारलं. तिने एकेक पायरी सांगितली. पण तिचं हसू आवरत नव्हतं, ते मला पुण्याहून ऐकू आलं.

ठवणीवर टॅबलेट आडवा ठेवला आणि मी स्वतःच बघत राहिलो. ठवणी जणू त्याच्याच मापाने घडवली होती. पान काठोकाठ बसलं, आणि दोन बोटांनी मोठं केलं तर एक अख्खी ओवी पडद्यावर पसरली, अक्षर अंगठ्याच्या नखाएवढं, आतून उजळलेलं.

नाना खुंटीकडे बघतात तसे थोडे कडेला बघत बसले. मग त्यांनी एक शब्द वाचला, मग दुसरा.

पण लगेच त्यांनी मान हलवली. "सोवळ्यात यंत्र? आणि हे वेष्टण चामड्याचं आहे."

"रेक्झिन आहे," मी म्हणालो.

वहिनींनी वेष्टण सरळ उपटून माझ्या हातात दिलं. "हे गेलं. आणि चष्मा घालून वाचत होतात ना इतकी वर्षं? तो कुठे सोवळ्यातला होता?"

तडजोड अशी झाली की खरी पोथी देवीच्या उजव्या हाताला, तिला हळदकुंकू, फूल, नैवेद्य. टॅबलेट नुसता वाचण्यापुरता. त्या संध्याकाळी चौथा अध्याय नानांनी वाचला. सावकाश, मधेच थांबत, पण वाचला. पणजोबांनी लाल शाईने समासात लिहिलेली 'येथे पाणी प्यावे' ही सूचनाही त्यांना दिसली, आणि ते खरंच थांबून पाणी प्यायले.

पाचवी माळ

इतकं सगळं सुरळीत होणं हे आमच्या घराण्याच्या स्वभावात नाही.

पाचवा अध्याय असुरवधाचा. नाना उत्साहात होते. आचमन झालं, पळीभर पाण्यात फूल बुडवून त्यांनी पूजेच्या साहित्यावर शिंपडलं. पन्नास वर्षांची सवय. हात आपोआप पुढे गेला आणि ठवणीवरची पोथीही शुद्ध झाली. म्हणजे टॅबलेट. मी "अहो नाना" म्हणेपर्यंत सात-आठ थेंब पडले होते.

ज्याला बोटाने चालवायचं त्याला थेंब आणि बोट यातला फरक कळत नाही. पानं आपोआप उलटू लागली. पाचव्या अध्यायातून आठव्यात, आठव्यातून पहिल्यात, अक्षर मोठं होतंय, लहान होतंय, आणि शेवटी एक चित्र पडदाभर स्थिर झालं. नया बाजारातला माझा फोटो. गाल फुगलेले, डोळे वटारलेले, मिशीला बटाट्याची भाजी. फोनमधले सगळेच फोटो मी सरसकट टॅबलेटमध्ये ओतले होते.

नाना पुढे वाकले, कडेकडेने निरखलं आणि गंभीरपणे म्हणाले, "सुध्या, पोथीत चित्रही होतं का असुराचं?"

अमोल उठून बाहेर पळाला. मी पंच्याने पडदा पुसू लागलो, तर पुसण्याने तो आणखीच भरकटला. नाना मात्र थांबायला तयार नाहीत. अध्याय मधे तोडायचा नसतो. शेवटची वाचलेली ओवी ते पुन्हा म्हणू लागले आणि पुढची आठवेना. मला पहिल्या माळेची भीती वाटली.

आणि स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. ओढून-ताणून नाही, पुऱ्या लाटता लाटता म्हणावं तसा.

"भक्तांची वाट चुकली जेथें, माये उभी राहिलीस तेथें..."

नानांनी ओवी उचलली. वहिनींनी पुढची दिली. पडदा पुसून मी पान शोधून काढेपर्यंत असं सात ओव्या चाललं. वहिनींना सबंध पोथी पाठ होती. अठ्ठेचाळीस नवरात्रं त्यांनी ती चुलीपाशी उभं राहून ऐकली होती, आणि इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. त्याची मला लाज वाटली आणि ती मी त्यांना बोलून दाखवली.

"विचारलं असतं तर वाचायलाही बसवलं असतं, आणि मग नैवेद्य कोण करणार, तुम्ही?" त्या म्हणाल्या. पण सहाव्या माळेपासून त्या नानांच्या शेजारी पाटावर बसू लागल्या. टॅबलेटचं पान उलटणं त्यांच्याकडे. नैवेद्य मी आणि अमोल करू लागलो. भगर खाली लागली. इथे तिला समा के चावल म्हणतात. लागते ती दोन्ही नावांनी सारखीच.

सातवी माळ

दुपारी वहिनी सातव्या अध्यायाची पानं आधीच बघून घेत होत्या. एका पानाचा खालचा कोपरा त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला.

"इथे काही लिहिलेलं आहे. अंगठ्याच्या जागेवर."

पोथीचं पान धरतात तो कोपरा. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगठ्यांचं तेल मुरून कागद काळपट झालेला, आणि वाचताना त्यावर वाचणाऱ्याचाच अंगठा. त्यामुळे तिथली पेन्सिलीची अक्षरं कोणाला दिसली नव्हती. मुक्ताला फोन केला. तिने पडद्यावरचा उजेड-अंधार कसा बदलायचा ते सांगितलं. काळपटपणा मागे हटला आणि अक्षरं वर आली. अक्षर थोरल्या काकांचं, नानांच्या वडिलांचं.

मी वाचलं. "आज बाळ प्रथमच शेजारी बसला. सातव्या ओवीस झोपला. उठवले नाही."

बाळ म्हणजे नाना. लहानपणी त्यांना सगळे बाळच म्हणत. काका अतिशय कडक होते. पोथीच्या वेळी डुलकी लागली तर कान पिळत, हे मी नानांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. पन्नास वर्षं नानांचा अंगठा नेमका त्या ओळीवर होता.

"पुन्हा वाच," नाना म्हणाले.

मी वाचलं.

"नको. मला दाखव." त्यांनी टॅबलेट मांडीवर घेतला. वहिनींनी अक्षर पडदाभर केलं. नानांनी कडेला बघत, एकेक अक्षर लावत, ते स्वतः वाचलं. 'उठवले नाही' पाशी त्यांचा आवाज फुटला. ते रडले, आणि आम्ही दोघांनी त्यांना रडू दिलं. मग डोळे पुसून म्हणाले, "मला वाटायचं, त्यांना मी आवडत नव्हतो."

नववी माळ आणि परत

नवव्या अध्यायाच्या शेवटच्या पानावर, समासात, वाचणाऱ्याने दरवर्षी पेन्सिलीने एक ओळ लिहायची अशी आमच्याकडे रीत आहे. 'पाऊस लांबला.' 'नवी समई आणली.' 'शेजारी लग्न ठरले.' नानांच्या गेल्या तीन वर्षांच्या जागा कोऱ्या होत्या. न वाचता ओळ लिहायची नाही, एवढा प्रामाणिकपणा त्यांनी पाळला होता.

अध्याय संपला. नाना म्हणाले, "पेन्सिल द्या." टॅबलेटवर नाही, खऱ्या पानावर. वहिनींनी जागा बोटाने दाखवली. त्यांनी वाकून लिहिलं, आणि पेन्सिल ठेवून म्हणाले, "सुध्या, पोथी इथेच राहू दे."

"मी कुठे नेणार होतो?" मी म्हणालो. "माझ्या बॅगेत जागाच नाही. वहिनींनी लाडू भरलेत."

जागा भरपूर होती. टॅबलेट मी ठवणीवर ठेवून आलो होतो.

गाडी सुटल्यावर मी त्या शेवटच्या पानाचा फोटो मुक्ताला पाठवला. थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"बाबा, फोनवर अक्षर लागत नाहीये. शेवटी नानाकाकांनी काय लिहिलंय? एकच शब्द दिसतोय."

"एकच आहे," मी म्हणालो. "'दिसले.'"